बरणी गोठली म्हणून मधपाळ चोर ठरत नाही

'गावच्या मधपाळाकडून मध घेऊ नये. त्याची कसली तपासणी झालेली नसते, भाव दुकानातल्या बाटलीच्या दुप्पट असतो आणि थंडी पडली की बरणी गोठते, म्हणजे साखरच होती.' पुण्या-मुंबईच्या घरांतून हे मत आता चांगलंच रुजलं आहे. त्याच्या जोडीला दुसरं येतं ते शेतकऱ्यांकडून: 'ही माणसं माश्यांच्या पेट्या विकतात आणि चार महिन्यांत पेटी रिकामी होते. सगळा अनुदानाचा खेळ.' या दोन्ही आरोपांना उत्तर द्यायला हवं. महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात पंचवीस-तीस पेट्या सांभाळून मध आणि माश्यांच्या वसाहती विकणारी माणसं मी जवळून पाहत आलो आहे. आरोप सरसकट त्यांच्या माथी मारले जातात, आणि त्यांतले बहुतेक माहितीअभावी केलेले असतात.

आधी गोठण्याचं पाहू. मध म्हणजे मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या दोन साखरा आणि थोडं पाणी. पाण्याचा वाटा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. एवढ्याशा पाण्यात ग्लुकोज फार दिवस विरघळून राहत नाही, ते कण धरतं. ज्या फुलांच्या मकरंदात ग्लुकोज जास्त, त्यांचा मध लवकर गोठतो. मोहरीचा मध काही आठवड्यांतच रवाळ होतो. काही फुलांचा मात्र वर्षभर पातळ राहतो. चौदा अंशांच्या आसपास ही क्रिया सर्वांत वेगाने होते, म्हणजे पुण्यातली डिसेंबरची पहाट त्याला पुरेशी आहे. कारखान्यात मध तापवतात आणि बारीक गाळणीतून दाबाने काढतात. ज्यांच्याभोवती स्फटिक धरायचे ते परागकण आणि सूक्ष्म कणच त्यात निघून जातात, म्हणून ती बाटली कपाटात महिनोन् महिने चकचकीत दिसते. गोठण्यावरून भेसळ सिद्ध होत नाही आणि पातळ राहण्यावरून शुद्धताही नाही. बरणी कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा सुटतो. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम हवं. गॅसवर ठेवून उकळला, तर पैसे देऊन घेतलेलं सगळं वाया जातं.

घरगुती चाचण्यांबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. पाण्याच्या ग्लासात थेंब टाकायचा आणि तळाशी गेला तर अस्सल म्हणायचं. मधात बुडवलेली काडी पेटते का पाहायचं. टिपकागदावर डाग पसरतो का बघायचं. कुत्र्याने तोंड लावलं नाही तर शुद्ध ठरवायचं. यांतल्या एकाही चाचणीने भेसळ ओळखता येत नाही. दाट साखरपाकही तळाशी जातो. उलट घाटातल्या दमट हवेत तयार झालेल्या खऱ्या मधात पाणी थोडं जास्त असतं आणि तो ग्लासात लवकर विरतो. म्हणजे स्वयंपाकघरातल्या या परीक्षेत दाट केलेला पाक पास होतो आणि डोंगरातला खरा मध नापास. हा निकाल घेऊन गिऱ्हाईक फोनवर मधपाळाला 'तुम्ही फसवलंत' असं सुनावतं. कितीतरी जणांनी हे सुनावणं ऐकलं आहे, आणि समोर सिद्ध करायला त्यांच्या हातात काहीच नसतं.

मग म्हणतात, प्रयोगशाळेत तपासलेला तर घ्यावा. मान्य. पण तपासणीचा आपल्या देशातला अनुभव काय सांगतो? डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 13 ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली. नमुने आधी गुजरातेत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे मोठ्या ब्रँडचे बहुतेक नमुने उत्तीर्ण झाले, काही लहान ब्रँड मात्र नापास झाले. मग तेच ब्रँड जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर या अधिक काटेकोर पद्धतीने तपासले गेले आणि 13 पैकी फक्त 3 टिकले. त्याच संस्थेने मधात मुद्दाम 25 आणि 50 टक्के पाक मिसळून नमुने पाठवले, तर तेही देशी निकषांवर 'शुद्ध' ठरले. भारतीय चाचण्यांना चकवण्यासाठीच बनवलेले पाक बाजारात मिळत होते, हा त्या तपासाचा मुख्य निष्कर्ष. कंपन्यांनी तो फेटाळला, हेही नोंदवायला हवं. पण एवढं झाल्यावर 'छापील लेबल म्हणजे खात्री' हे वाक्य इतक्या निश्चिंतपणे कुणी म्हणू नये. त्याच वर्षी ऑगस्टपासून अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी सरकारने एनएमआर सक्तीची केली होती. देशातल्या गिऱ्हाइकासाठी केली नव्हती.

आता त्याच सरकारी निकषांतली एक ओळ. भारतीय मानकात मधातल्या सुक्रोजची मर्यादा 5 टक्के आहे, पण कारवीच्या मधाला 10 टक्क्यांपर्यंत सूट आहे. एकूण अपचायक साखरेचं, म्हणजे मुख्यतः फ्रुक्टोज-ग्लुकोजचं, किमान प्रमाणही इतर मधाला 65 टक्के आणि कारवीला 60 टक्के. हा सह्याद्रीतला मध. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. पावसाळा उतरणीला लागला की डोंगरउतार जांभळे होतात आणि त्यानंतर काही आठवडे सातेरी माश्या दुसरीकडे फिरकत नाहीत. निघणारा मध दाट आणि गडद असतो. त्याची घडणच वेगळी आहे हे नियम करणाऱ्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी अपवाद लिहिला. आणि आपण घरगुती चाचण्यांवरून त्याला नकली ठरवतो.

भावाचा मुद्दा मात्र सावकाश पाहायला हवा, कारण सगळा गैरसमज तिथून सुरू होतो. आपल्या घाटातली पाळीव माशी म्हणजे सातेरी. ती इथलीच, इथल्या पावसाला आणि इथल्या झाडांना सरावलेली. दुसरी पाळीव माशी युरोपातली मेलिफेरा. ती 1962 नंतर हिमाचलातल्या नगरोटा बगवानमधून देशात रुजली आणि आज मोहरी-सूर्यफुलाच्या मोठ्या पट्ट्यांत तिचाच मध निघतो. मेलिफेराच्या पेट्या ट्रकने फुलोऱ्यामागून फिरवल्या की वर्षाला एका पेटीतून पंचवीस-तीस किलो आणि त्याहूनही जास्त मध मिळतो. सातेरीची पेटी फार चांगल्या वर्षात सहा-आठ किलो देते. पाऊस लांबला, जांभळाचा बहर गळला, तर दोन किलोही देत नाही. एकाच मापाने दोघींचा भाव ठरवायचा, तर सातेरी पाळणाऱ्याने पेट्या मोडून सरपण करावं.

मध काढताना एकदा शेजारी उभं राहून पाहावं. झाडाच्या सावलीत, दगडांवर ठेवलेली लाकडी पेटी. खाली पिल्लाकोठी, वर मधकोठी. मधपाळ धुराड्यातून धुराचे दोनच झोत सोडतो. जास्त सोडला तर मधाला वास लागतो. झाकण उघडतं आणि चौकटींवर दाटलेल्या माश्यांचा एक सलग आवाज येतो. सरावलेल्या कानाला त्या आवाजावरूनच कळतं, आत राणी आहे की नाही. मधकोठीतली चौकट जेमतेम चार बोटं उंच असते. ती उचलून तो उजेडाकडे धरतो आणि पाहतो की किती घरांवर मेणाचं झाकण आलंय. माश्यांनी पंख हलवून मकरंदातलं पाणी उडवलं आणि मध पिकला, की मगच त्या घर बंद करतात. निम्मी घरं उघडी असतील तर तो चौकट परत ठेवतो आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा येतो. मे महिन्यात, वळवाचे ढग डोक्यावर असताना हे परत ठेवणं सोपं नसतं. आठ दिवसांत जोराचा पाऊस लागला तर माश्या तोच मध स्वतः खाऊन टाकतात. घाई करून कच्चा मध काढला तर तो बरणीत आंबतो, फेस येतो. पिकलेल्या चौकटीवरच्या माश्या हलक्या झटक्याने पेटीत उतरवतात, गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने झाकणं कापतात, चौकट यंत्रात लावून हाताने फिरवतात. एका चौकटीतून पाव किलोच्या आसपास मध निघतो. रिकामं पोळं तसंच पेटीत परत जातं, कारण मेण घडवायला माश्यांना त्याच्या वजनाच्या कित्येक पट मध खर्चावा लागतो. हे सगळं एका किलोसाठी चार वेळा करायचं. त्यात डंख, गांधीलमाश्यांचे हल्ले, मुंग्या आणि अस्वलही आलं. यावर 'एवढा भाव कसला?' असं कुणी विचारलं तर मी उलट विचारेन, एवढा कमी कसा परवडतो?

विरोधी बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा साखरपाण्याचा आहे आणि तो मी टाळणार नाही. 'पेटीत साखरेचं पाणी ठेवताना आम्ही डोळ्यांनी पाहिलं' असं लोक सांगतात, आणि ते खरं असतं. महाबळेश्वरला जून ते सप्टेंबर असा पाऊस असतो की माशीला पेटीबाहेर पडताच येत नाही. या काळात साठा संपला तर वसाहत उपाशी मरते किंवा पेटी सोडून जाते. म्हणून पावसाळ्यात साखरपाणी दिलं जातं. त्या वेळी मधकोठी काढलेली असते आणि दिलेलं सगळं माश्यांच्या पोटात जातं. बहर सुरू झाल्यावर, मधकोठी चढवलेली असताना जो साखरपाणी देतो तो भेसळ करतो, आणि त्याच्याबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. फरक हंगामाचा आहे. साखरपाणी कधी देता, हा प्रश्न विचारावा. प्रामाणिक मधपाळ महिन्यांसकट सांगतो.

दारोदार बादली घेऊन फिरणाऱ्यांचा हिशेबही मधपाळाच्या खात्यावर मांडू नये. बादलीत वर पोळ्याचा तुकडा तरंगतोय, खाली गुळाचा पाक, आणि 'आत्ताच झाडावरून काढला' हे बोलणं. शहरात अशी फसवणूक भरपूर चालते. पण या माणसाकडे पेटी नसते, पत्ता नसतो आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा दिसतही नाही. दुसरीकडे 'जंगलातल्या आग्या मोहोळाचाच मध खरा, पेटीतला नको' असं अभिमानाने सांगणारेही आहेत. आग्याचा मध खरा असतो. पण तो बहुतेक ठिकाणी कसा काढतात? रात्री मशाल लावून, माश्या जाळून, अख्खं पोळं उतरवून. पिल्लांसकट पोळं पिळलं की मधात काय काय उतरतं हे सांगायला नको. वर्ध्याकडे आग्याला न जाळता पोळ्यातला फक्त मधाचा भाग कापून घ्यायची पद्धत शिकवली गेली, ती सगळीकडे पोहोचायला हवी. तोवर पेटीतला मध हाच स्वच्छ मध आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आता पेट्या विकण्याबद्दल. रिकाम्या पेट्या खऱ्या आहेत. कित्येक गावांत ओसरीवर, गोठ्यात त्या पडलेल्या दिसतात, कुणी त्यात खिळे-मोळे ठेवलेले असतात. पण याचा दोष छोट्या मधपाळाला देणं म्हणजे भलत्यालाच धरणं. यांतल्या कित्येक पेट्या दुरून एकगठ्ठा आलेल्या असतात. माशी कुठली, तिला इथे वर्षातले किती महिने फुलं मिळणार, घेणाऱ्याला राणी ओळखता येते का, हे कुणी विचारलेलं नसतं. पेटी दिली, फोटो निघाला, काम झालं.

छोटा मधपाळ वसाहत विकतो तेव्हा काय विकतो? अंडी घालणारी राणी, सगळ्या वयांची पिल्लं, हजारो कामकरी माश्या, पराग आणि मधाचा साठा, हे सगळं पाच-सहा चौकटींवर बांधलेलं चालतं घर. ते कारखान्यात बनत नाही. पावसाळ्यानंतर वसाहत वाढते, पोळ्याच्या कडेला राणीघरं बांधली जातात, तेव्हा मधपाळ चौकटी वाटून एकाच्या दोन वसाहती करतो. अंड्यापासून राणी बाहेर यायला साधारण सोळा दिवस, मग तिचं मीलन-उड्डाण, मग अंडी. उड्डाणात एखाद्या पक्ष्याने टिपली तर सगळं पहिल्यापासून. एका हंगामात एका पेटीच्या फार तर दोन, क्वचित तीन होतात. म्हणून खरा विक्रेता 'पाहिजे तेवढ्या पेट्या देतो' असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, नोव्हेंबरात या, दोन मिळतील. आणि देताना सांगतो: संध्याकाळी सगळ्या माश्या परतल्यावर दार बंद करा, रात्रीच न्या, पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा म्हणजे मुंग्या चढणार नाहीत, आठ दिवस उघडू नका. सातेरी लहरी आहे. भूक, मुंग्या, मेणपतंग, सारखी छेडछाड, यांतलं काहीही झालं तर ती घर सोडते. ती का गेली हे सांगायला आणि पुन्हा बसवायला जवळ माणूस असावा लागतो. हजार किलोमीटरवरून ट्रकने पेटी पाठवणारा तो माणूस असूच शकत नाही.

दुरून माश्या आणण्यात याहून मोठा धोका आहे. 1991-92 मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातली सातेरी होत्याची नव्हती केली. केरळ, तामिळनाडू, कर्नाटकात हजारो मधपाळांच्या पेट्या एका-दोन हंगामांत रिकाम्या झाल्या. पिल्लं कोषात जाण्याआधीच पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरत. अशा रोगाला एका प्रांतातून दुसऱ्यात न्यायला पेट्यांची वाहतूक हा सोपा रस्ता असतो. व्हरोआ नावाचा जो परोपजीवी कोळी मेलिफेराला जगभर छळतो, त्याच्यासोबत आपली सातेरी कितीतरी काळापासून जगत आली आहे. या माश्या एकमेकींच्या अंगावरून तो काढून टाकतात. ही माशी शेजारच्या डोंगरातून घ्यायची सोडून बाहेरची आणायची आणि ती टिकली नाही की 'मधमाशीपालन आपल्याकडे चालत नाही' असा निकाल द्यायचा, हा अन्याय आहे. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्य खादी मंडळाचं मधसंचालनालय आहे, आणि महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे मे 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. चालत नसतं तर हे कसं झालं?

मधपाळ विकतो त्या वसाहतीची खरी कमाई मधात नाही, हेही भाव करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. जगातल्या 115 प्रमुख खाद्यपिकांपैकी 87 पिकांना परागीभवनासाठी कीटकांची किंवा अन्य प्राण्यांची कमी-अधिक गरज लागते. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी घ्या. फळावरच्या प्रत्येक बीपर्यंत पराग पोहोचला तर फळ गोल भरतं. नाही पोहोचला तर ते एका बाजूने आकसतं आणि बाजारात दुसऱ्या प्रतीत जातं. ज्या रस्त्यावर पर्यटक टपोरी स्ट्रॉबेरी कौतुकाने घेतात, तिथेच पुढच्या टपरीवर मधाच्या भावावरून हुज्जत घालतात. मराठवाडा-विदर्भात कांद्याचे डोंगळे फुलतात तेव्हा माश्या नसतील तर बी धरत नाही. तिथले शेतकरी पेट्या शोधत फिरतात, आणि आदल्याच आठवड्यात भर बहरात, भर सकाळी कीटकनाशक फवारून त्यांनीच आजूबाजूच्या माश्या मारलेल्या असतात.

तेव्हा वाचकांना सांगायचं ते थेट सांगतो. मध विकत घ्यायचा तर मधपाळाला तीन गोष्टी विचारा: कोणत्या फुलांचा, कोणत्या महिन्यात काढला, पेट्या कुठे आहेत. उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका, मग तो गावातला असो की मॉलमधला. नीट आलं तर भाव पाडू नका, आणि डिसेंबरात गोठलेली बरणी त्याच्या दारात परत नेऊ नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कुणाचाही, कितीही शुद्ध मध चाटवू नका. डॉक्टर हे उगाच सांगत नाहीत. शेतकऱ्यांनी बहरात फवारणी टाळावी. करावीच लागली तर सूर्य मावळल्यावर करावी आणि शेजारी पेट्या असतील तर आदल्या दिवशी कळवावं. वसाहत घ्यायची असेल तर अनुदानाच्या यादीत नाव लावण्याआधी आपल्या खोऱ्यातल्या मधपाळाकडे एक हंगाम हाताखाली काम करा. आणि ज्यांना अजूनही शंका आहे त्यांनी एप्रिल-मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, घाटात यावं, मधकोठी उघडताना शेजारी उभं राहावं आणि त्यानंतर भावाबद्दल बोलावं.